उकडगुरुजींची पागा

भावोजींनी आयुष्यात एकच काम तडीस नेलं. ते बारीक झाले. बाकी त्यांनी हातात घेतलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कुणीतरी निस्तरली, बहुतेक वेळा माझ्या ताईने. पण बारीक मात्र ते स्वतःच्या हिमतीवर झाले आणि तेव्हापासून जगातल्या प्रत्येक माणसाकडे असे बघायला लागले, जणू समोरचा त्यांच्याच मालकीचं काहीतरी चोरून अंगावर घेऊन फिरतोय.

लहानपणी ते इतके जाड होते की शाळेतली मुलं त्यांना ‘गोणी’ म्हणायची. हे मला त्यांच्या आईने सांगितलं, तेही कौतुकाने. “खायचा आणि हसायचा,” ती म्हणायची. “आता अंगही गेलं नि हसूही गेलं.” भावोजी हीच गोष्ट लोकांपुढे उभे राहून सांगायचे तेव्हा तिच्यात आई खलनायिका व्हायची, लोण्याचा चमचा घेऊन पोराच्या मागे लागलेली बाई. ती बिचारी पहिल्या रांगेत बसून सगळं ऐकायची आणि मान डोलवायची, कारण तिला कमी ऐकू यायचं.

तरुणपणी ते वजनकाटे विकायचे. आमच्या पागेत ते पहिल्यांदा आले तेही काटा विकायलाच. बाबांची पागा म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. मधे अंगण, त्याच्याभोवती घोड्यांच्या खोल्या, वर गवताचा माळा, कोपऱ्यात खोगिरांची खोली आणि रस्त्याच्या बाजूला आमचं राहतं घर. सुट्टीच्या दिवशी बऱ्या घरची मुलं घोड्यावर बसायला शिकायला यायची. ताई शिकवायची, मीही शिकवायचे. ताई तेव्हा कशी होती ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. भरलेले खांदे, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकाला जाणारा आवाज आणि मजुराची भूक. सकाळचं काम उरकलं की ती पायरीवर बसायची आणि उकडलेली अंडी, पावाचे जाडजूड तुकडे नि वर बोटभर लोणी असं खायची की बघणाऱ्याने आपलं जेवण झालंय हे विसरावं.

भावोजी काटा घेऊन आले त्या दिवशी ती घोड्याला त्याच्यावर चढवत होती आणि घोडा चढेना. त्याने पाय आपटला तसे भावोजी मागे सरकत सरकत भिंतीला चिकटले. ताईला हसू आवरेना. त्या हसण्यावर त्यांनी लग्न ठरवलं आणि त्यांच्या त्या घाबरण्यावर तिने. तिला वाटलं असणार, इतका भित्रा माणूस आपल्याला काय त्रास देणार. काटा बाबांनी घेतला नाही. जावई मात्र घेतला, आणि तोही घरातच ठेवून घेतला.

काटे विकता विकता भावोजींच्या एक गोष्ट लक्षात आली होती. काट्यावर उभं राहिलं की माणसाचा चेहरा पडतो, आणि चेहरा पडलेल्या माणसाला काहीही विकता येतं. त्यांनी काट्यांचा धंदा सोडला आणि आमच्या घराच्या रस्त्याकडच्या दोन खोल्यांत स्वयंपाकघर थाटलं. पांढऱ्या फरश्या, पांढरे ओटे, वाफेची मोठी भांडी, आणि भिंतीवर त्यांचेच दोन फोटो. एकात गोणी, दुसऱ्यात काडी. तिथे कमी कॅलरीचे डबे तयार व्हायचे. कोबीचं सूप, वाफवलेला फ्लॉवर, पाणी घालून घालून पांढरं पडलेल्या दह्यात काकडी, आणि पिवळं काढून टाकलेलं अंडं. सगळ्या पदार्थांना एकच चव होती, धुतलेल्या ताटाची. समोरच्या बेकरीवाल्याने त्यांचं नाव ‘उकडगुरुजी’ ठेवलं आणि आठवड्याच्या आत सगळी गल्ली तेच म्हणायला लागली.

खोटं का बोलू, त्या डब्यांनी काही लोकांचं भलंही झालं. पोस्टमास्तरांचे गुडघे जिने चढताना कुरकुरायचे ते थांबले. शाळेतल्या मोठ्या बाईंना धाप लागायची बंद झाली. कोबी आणि काकडीशी माझं काही वैर नाही. माणसाने भाज्या खाव्यात, तूप-लोणी बेताने खावं, हे कुणाच्याही आजीला माहीत असतं आणि ते सांगायला भिंतीवर फोटो लावावा लागत नाही. माझं भांडण भावोजींच्या डोळ्यांशी होतं. तुम्ही घास उचलला की ते डोळे ताटापासून तोंडापर्यंत त्या घासाबरोबर प्रवास करायचे. तोंडात गेला की एक बारीकसा सुस्कारा. गिऱ्हाइकांना हे आवडायचं. कुणीतरी आपल्या पोटाची इतकी काळजी करतंय म्हणून त्यांना भरून यायचं. आपल्या जिभेवर दुसऱ्याला पहारा करायला बसवायचं आणि वर त्याचे आभार मानायचे, असली माणसं मी तोवर पाहिली नव्हती.

ताईला मात्र रोज तिन्ही वेळा तो पहारा होता.

“दुसरा तुकडा?” भावोजी विचारायचे. आवाज अगदी मऊ. ते कधी ओरडले नाहीत. ओरडले असते तर ताईने उलटून ओरडून हिशेब मिटवला असता.

“सकाळपासून खोगिरं उचलतेय.”

“भूक आणि सवय यांत फरक असतो. जरा थांब, पाणी पी, आणि मग स्वतःला विचार.”

ती पाणी प्यायची. स्वतःला काय विचारायची कोण जाणे, पण तुकडा पावाच्या डब्यात परत जायचा. वर्षभरात तिचे खांदे उतरले. आवाज अंगणाच्या मध्यापर्यंतच पोचायला लागला. मला तिचाही राग यायचा. फेसाळलेल्या घोड्याला एका हाताने थोपवणारी बाई, आणि एका सुस्काऱ्यापुढे तिची ही अवस्था. “तू काही बोलत का नाहीस?” मी विचारलं तर म्हणाली, “ते वाईट थोडंच सांगतात?” तिथेच तर घोडं पेंड खात होतं. ते वाईट काहीच सांगत नव्हते.

मग बाबा माळ्याच्या शिडीवरून पडले आणि कमरेचं हाड मोडलं. पुढच्या खोलीत त्यांची खाट पडली. आता पागा कुणी बघायची? मी होते. जन्मापासून लीद उपसलेली, प्रत्येक घोड्याची खोड माहीत असलेली, अशी मी समोर उभी होते. बाबांनी माझ्यावरून नजर फिरवली, ताईवरून फिरवली आणि ती भावोजींवर नेऊन ठेवली. “जावई बघतील,” ते म्हणाले. जावयांना घोड्याच्या मागून जाताना अजूनही घाम फुटायचा. पण ते पुरुष होते आणि नीट भांग पाडायचे, तेवढं बाबांना पुरलं.

पहिल्याच सकाळी भावोजी पाठीमागे हात बांधून अंगणात फिरले. दारातून प्रत्येक घोड्याकडे बघितलं, अर्थात लांबून. मग मला बोलावलं.

“सगळे लठ्ठ आहेत.”

“सगळे नाहीत. गोळा आहे.”

गोळा हे आमचं तट्टू, लहान मुलांचं. तो खरोखर पिंप झाला होता. बाबा येता-जाता त्याला पाव चारायचे, साखर चारायची, तो मान हलवायचा आणि बाबा विरघळायचे. त्याचे खूर गरम लागतात, असं चाललं तर पायातून जाईल, असं नालबंदाने दोनदा बजावलं होतं आणि बाबांनी दोन्ही वेळा विषय बदलला होता. भावोजींनी पाव आणि साखर त्या दिवसापासून बंद केली. तेवढं एक काम त्यांनी नीट केलं, हे मी तेव्हाही कबूल केलं होतं. तिथे थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण एकदा शहाणपण सापडलं की ते सगळ्या जगाला वाटल्याशिवाय या माणसाला झोप लागायची नाही.

घोड्यांची चंदी, म्हणजे ओट आणि कोंडा, त्यांनी एका दिवसात बंद केली. मग गवतावर आले. घोड्यांच्या पुढ्यात दिवसभर गवत पडलेलं असतं हे बघून त्यांना जवळजवळ दुखलंच.

“हे दिवसभर खातात?”

“घोडे आहेत ते.”

“दिवसभर चरणं ही शिस्त नाही. तीन वेळा, ठरावीक. मधे पोटाला विश्रांती.”

मी त्यांना समजावून सांगितलं. घोड्याचं पोट अंगाच्या मानाने लहान असतं. एकदम भरायला ते बनलेलंच नाही. थोडं थोडं, सतत, चावून चावून काहीतरी आत जात राहिलं पाहिजे, म्हणजे आतडी चालू राहतात. खाणं बदलायचं तर हळूहळू, रोज जुनं मूठभर कमी, नवं मूठभर जास्त. आणि त्याला उलटी होत नाही. जे आत गेलं ते पुढेच जायला हवं, मागे वाट नाही.

“मलाही वर्षानुवर्षं उलटी झालेली नाही,” भावोजी म्हणाले.

यावर काय बोलणार? मी तरी बोलले. म्हटलं, “वाळलेलं गवत म्हणजे त्यांचा कमी कॅलरीचा डबाच आहे हो. त्यात असतंच किती? तुम्हाला जे लोकांना शिकवायचंय ते हे जन्मापासून करतात. फक्त त्यांचा डबा उघडा राहायला हवा.”

ते किंचित हसले. समोरचा अडाणी आहे याची खात्री पटली की ते तसे हसायचे. “तुझं प्रेम मला कळतं,” म्हणाले. “बाबांचंही प्रेमच होतं.”

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं पागेत यायला लागलं. कोबीची वरची पानं, फ्लॉवरचे दांडे, वाटाण्याची सालं, असं सगळं मोठ्या टबांतून. भावोजींना हे इतकं आवडलं की ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले. काही वाया जात नाही, आणि कोबीत कॅलरी तर जवळजवळ नाहीतच. घोड्यांची निगा राखणाऱ्या आमच्या मोतद्दाराने हूं की चूं केलं नाही. आयुष्य घोड्यांत गेलेला माणूस, त्याला सगळं कळत होतं. पण माळ्यावरून गवताचे भारे खाली ओढण्यापेक्षा टब ढकलणं सोपं होतं. “मालक सांगतील तसं,” तो म्हणायचा आणि खरारा घेऊन सावलीला जाऊन बसायचा.

मी शिकवणी संपली की घोड्यांपुढे चोरून गवत टाकायचे. भावोजींनी माळ्याला कुलूप घातलं.

घोडे काही दिवस बुचकळ्यात पडले आणि मग बिथरले. गव्हाणीच्या फळ्या कुरतडायला लागले. खाली पसरलेला पेंढा खाल्ला, तो संपल्यावर लीद हुंगायला लागले. एरवी गायीसारखा असणारा तांबडा घोडा एका मुलीच्या बाहीला चावला. कोबी खाऊन त्यांची पोटं ढोलासारखी फुगायची आणि अंगणात असा वास सुटायचा की शिकायला आलेली मुलं नाक धरून हसायची. भावोजी म्हणाले, शरीर शुद्ध होतंय.

आमच्याकडे एक म्हातारी घोडी होती, मास्तरीण. गावातल्या अर्ध्या मुलांना घोड्यावर बसायला तिनेच शिकवलं. पाठीवरचं पोर घसरायला लागलं की ती आपणहून थांबायची आणि ते सावरेपर्यंत वाट बघायची. ताईही तिच्यावरच शिकली, मीही. भावोजींना पागेतला हाच एक प्राणी भीतीदायक वाटायचा नाही. म्हणून कार्यक्रमासाठी त्यांनी तिलाच निवडलं.

कार्यक्रमाचं नाव होतं ‘माणूस आणि घोडा: एकच आहार’. रविवारी दुपारी अंगणात खुर्च्या मांडल्या. सगळी गिऱ्हाइकं आली. पोस्टमास्तर, मोठ्या बाई, बँकेतली माणसं, त्यांच्या बायका, सगळ्यांच्या मांडीवर पांढरे डबे. बेकरीवाला फाटकापाशी उभा होता, हातात त्याचाच एक पाव, आणि तो मुद्दाम हळूहळू खात होता. मास्तरीण लोकांपुढे चवीने खाताना दिसावी म्हणून भावोजींनी तिला आदल्या दिवसापासून उपाशी ठेवायला सांगितलं होतं. हे मला नंतर कळलं. कार्यक्रमासाठी कोबी नेहमीपेक्षा जास्त आला होता, म्हणून टबही काठोकाठ भरलेला. ताईने तो ओढत आणून घोडीपुढे ठेवला.

मास्तरीण तुटून पडली. चावणं नाही, चघळणं नाही, नुसतं गिळणं. भावोजींनी आपल्या वाटीतला कोबी चमच्याने उचलला, लोकांना दाखवला आणि तोंडात घातला. टाळ्या पडल्या. मग ते बोलायला लागले. निसर्ग, संयम, जीभ, आई, लोण्याचा चमचा. मी तेव्हा तांबड्याला फिरवून आणत होते, हे सगळं मला नंतर ताईकडून कळलं. अंगणात शिरले तेव्हा टब रिकामा होता आणि भावोजी ऐन रंगात आले होते.

घोडीने मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघितलं. एकदा, मग परत. पुढचा पाय जमिनीवर खरवडला. वरचा ओठ मुडपला. कपाळावर, कानांमागे घाम. मी तांबड्याचा दोर मोतद्दाराच्या अंगावर टाकला आणि खुर्च्यांमधून निघाले, तोवर ती खाली बसली आणि लोळायला लागली, चारही पाय हवेत. बँकेतल्या एका बाईला वाटलं घोडीला शिकवलेलं आहे. तिने टाळ्या वाजवल्या. मग बाकीच्यांनीही वाजवल्या.

“बघा,” भावोजी म्हणाले, “किती हलकं वाटतंय तिला.”

हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही.

ताईच्या हातातलं डब्यांचं तबक खाली पडलं. तिने लोकांच्या पायांतून वाट काढली, घोडीचा दोर धरला आणि बऱ्याच दिवसांनी तिचा तो आवाज अंगणाच्या पार टोकाला गेला. “खुर्च्या उचला. सगळे बाहेर व्हा.” लोक उठले. काहींनी डबे बरोबर घेतले. मी आत जाऊन जनावरांच्या डॉक्टरबाईंना फोन केला. बाहेर आले तेव्हा ताईने घोडीला उभं केलं होतं आणि तिच्या मानेला खांदा लावून तिला हळूहळू चालवत होती. भावोजी भिंतीपाशी उभे होते, वाटी अजून हातातच.

डॉक्टरबाई आल्या. कमी बोलणारी बाई. त्यांनी दोन्ही बाजूंनी पोटाला कान लावून ऐकलं, दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं आणि नाकातून लांब नळी पोटात उतरवली. नळीच्या टोकाला आंबलेल्या कोबीचा असा भपकारा आला की बेकरीवाल्यानेही पाव खाली ठेवला.

“काय खाल्लंय हिने?”

“अगदी हलका आहार,” भावोजी म्हणाले. “त्यात कॅलरी म्हणाल तर...”

“कॅलरी नाही विचारल्या मी. काय खाल्लं आणि किती खाल्लं?”

भावोजींनी ताईकडे बघितलं. माणूस नेमका कसा आहे हे एखाद्या नजरेत कळतं. त्या नजरेत ते ताईला सांगत होते की आता तू काहीतरी बोल.

“कोबी,” ताई म्हणाली. “मोठा टब भरून. त्याआधी कालपासून काही नाही. टब मीच आणून ठेवला.”

डॉक्टरबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या काडी झालेल्या मनगटांकडे. “पाण्याची बादली आणा,” एवढंच म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

संध्याकाळ होईपर्यंत ताई आणि मी तिथून हललो नाही. मास्तरीण दोनदा गुडघ्यांवर आली आणि दोन्ही वेळा आम्ही दोघींनी तिला ओढून उभी केली. बाबा खिडकीतून “काय झालं, काय झालं” करत राहिले, त्यांना उत्तर द्यायला कुणाला फुरसत नव्हती. उजेड उतरला तेव्हा कुठे पोटातून गुरगुर ऐकू आली, मग वारा सरला, मग थोडी लीद पडली. त्या लिदीकडे बघून ताई रडली. डॉक्टरबाई हात धुताना म्हणाल्या, वाचेल, पण आतडं पिळलं असतं तर मी नुसती सोबत करायला आले असते.

भावोजी त्या वेळेपर्यंत झोपायला गेले होते. रात्री उशिरा झोपल्याने वजन वाढतं असं त्यांचं मत होतं.

इथवर मी त्यांना मूर्ख समजत होते. मूर्खपणा माफ करता येतो. दोन दिवसांनी स्वयंपाकघरात डबे न्यायला आलेल्यांची गर्दी होती आणि पोस्टमास्तरांनी घोडीची चौकशी केली. मी दारातच होते. भावोजी डब्याचं झाकण लावत म्हणाले, “हावरटपणा. दुसरं काय? समोर चांगलं अन्न असूनही संयम नसेल तर काय होतं ते तिने दाखवून दिलं. मी तर म्हणतो, त्या दिवशी आपण सगळे एक धडा शिकलो.”

लोकांनी माना हलवल्या.

ताई मागच्या ओट्यावर अंडी सोलत होती. पांढरं एका भांड्यात, पिवळं दुसऱ्यात, टाकून द्यायला. तिने हात पुसले.

“ती हावरट नव्हती,” ती म्हणाली. “तिला भूक लागली होती.”

“आपण नंतर बोलू,” भावोजी त्याच मऊ आवाजात म्हणाले.

“नंतर नको. मलाही भूक लागते. लग्न झाल्यापासून रोज लागते. ती सवय नाही, भूकच आहे. मी पुष्कळदा विचारून पाहिलं स्वतःला.”

मोठ्या बाई आपल्या डब्याकडे बघत राहिल्या. ताईने ॲप्रन काढून ओट्यावर ठेवला, पिवळ्या बलकांचं भांडं उचललं आणि अंगणातून आमच्या जुन्या स्वयंपाकघरात गेली. कढईत लोणी सोडलं, त्यात ते सगळे बलक कुस्करून परतले, मीठ-मिरी घातली आणि पाव तोडून तोडून उभ्यानेच खायला लागली. वास पुढच्या खोलीत गेला.

“मलाही दे,” बाबा खाटेवरून म्हणाले.

“पागा आता आम्ही बघणार,” मी म्हटलं.

“बघा. आधी मला दे.”

असा आमचा राज्यकारभार सुरू झाला. माळ्याचं कुलूप मोतद्दाराने तोडलं आणि ते तोडायची आपली इच्छा पहिल्या दिवसापासून होती, असं सांगितलं. मालक बदलले की त्याची इच्छाही बदलायची. घोड्यांपुढे गवत परत आलं, दिवसभर. काम करणाऱ्यांना थोडी चंदी, हळूहळू वाढवत. गोळ्याचं गवत ताई पाण्यात भिजवायची, म्हणजे त्यातली साखर उतरते, मग बारीक छिद्रांच्या जाळीत भरून टांगायची. त्याला एकेक काडी ओढून खावी लागायची, त्यामुळे दिवसभर तोंड चालायचं आणि पोटात थोडंच जायचं. त्याचं पोट उतरलं, खूर गार झाले. ताईचं अंग भरलं. दोन्ही गोष्टी एकाच अंगणात होत होत्या आणि कुणालाही त्यात विरोधाभास दिसला नाही. भावोजींना दिसला. ते गिऱ्हाइकांना खिडकीतून गोळा दाखवायचे आणि सांगायचे की हा आमच्या पद्धतीने उतरला. ताई अंगणात दिसली की खिडकी लावून घ्यायचे.

पुढे त्यांनी मोठ्या रस्त्यावर जागा घेतली. धंदा उत्तम चालला. मला वाटलं होतं लोक शहाणे होतील. कशाचे होतात? आता त्यांच्या हाताखाली माणसं आहेत, भिंतीवर गोणीचा फोटो दारापेक्षा मोठा आहे. पोस्टमास्तर अजून जातात. ताई त्यांच्याबरोबर गेली नाही आणि त्यांनी बोलावलंही नाही. घटस्फोटाचं नाव कुणी काढलं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी ते कुंपणाशी येऊन उभे राहतात, ताईची चौकशी करतात आणि तिच्या दंडांकडे बघून तो बारीकसा सुस्कारा टाकतात. ताई खोगीर उचलून निघून जाते. त्यांना आत या असं आम्ही म्हणत नाही, आणि भीतीमुळे ते आपणहून येत नाहीत.

गेल्या थंडीत डॉक्टरबाईंनी आमच्याकडे एक घोडा आणून सोडला. कुणीतरी शहराबाहेरच्या शेडमध्ये बांधून ठेवून निघून गेलं होतं. बरगड्या मोजता येत होत्या, कमरेची हाडं खुंट्यांसारखी वर आलेली, मान सुरीसारखी. अशा घोड्याला एकदम खाऊ घातलं तर तो खाण्यानेच मरतो. ताई त्याला थोडा लसूणघास भिजवून द्यायची, मूठभर, मग थोड्या वेळाने परत मूठभर, सकाळपासून अंधार पडेपर्यंत. तो खाताना थरथरायचा.

भावोजी त्याच आठवड्यात कुंपणाशी आले. ताई अंगणात त्या घोड्याला ऊन देत उभी होती. भावोजींनी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा खुलला. इतका खुललेला मी तो कधी पाहिला नव्हता.

“हा छान ठेवलाय,” ते म्हणाले. “शेवटी तुला पटलं तर.”

ताईने त्यांच्याकडे बघितलं. तिला राग आला नाही. मला वाटतं तिला पहिल्यांदाच कळलं की या माणसाला खरंच दिसत नाही.

“त्याला कुणीतरी मरायला टाकलं होतं,” ती म्हणाली. “बघा ना नीट.”

त्यांनी नीट बघितलं. मग त्यांनी कोटाची बटणं लावली, उशीर होतोय असं काहीसं पुटपुटले आणि निघाले. मी त्यांना कोपऱ्यापर्यंत जाताना पाहिलं. पाठीमागून ते सत्तरीचे वाटत होते. दया यावी असं दृश्य होतं, पण मला काही ती आली नाही.

घोडा ताईच्या तळहातावरचा घास हुंगत होता. “सावकाश,” ती त्याला म्हणत होती. “भरपूर आहे. सावकाश खा.”